चिचटोल्याचा आयरिस

गिरजाबाईंनी विळ्यानं फुलाभोवतीचं गवत कापायला घेतलं, तशी रंजीतानं मोबाईलवरून नजर न हटवता त्यांना थांबवलं. गवत राहू द्या, फोटो जंगली दिसला पाहिजे, असं तिचं म्हणणं होतं.

वनरक्षक म्हणून रंजीताचं हे तिसरं वर्ष. चंद्रपूरच्या फुलांच्या छायाचित्र प्रदर्शनात बागेतली फुलं आणि रानातली फुलं असे दोन विभाग असत. आयरिस दरवर्षी यायचा तो कुणाच्या तरी बंगल्यातला. रानातला आयरिस कुणी पाठवलाच नव्हता, आणि हिला तो गस्तीवर सापडला होता: पंख्यासारखी पानं, वर ठिपक्यांचं शेंदरी फूल. नंबर आपलाच, हे तिनं धरूनच ठेवलं होतं. अर्जाची मुदत आज संपत होती. रोपवनाच्या कामावर येणाऱ्या गिरजाबाई सोबतीला आल्या होत्या.

"चिचेमांगं अजून आहेत," त्या सहज म्हणाल्या.

रंजीता चिंचेच्या झाडामागं जाऊन पाहते तर खरंच आठ होते, तेही सरळ रांगेत. रान असं रांगेत उगवत नाही. जवळच चुलीचे काळे दगड मातीत रुतले होते.

"तुमाले कसं माईत, बाई?"

"म्याच लावले. सावली गावाहून, माहेरून कंद आनले होते. हे आमचं अंगन होय."

वीस वर्षांपूर्वी जंगलातला चिचटोला उठवून सडकेजवळ वसवला, एवढं रंजीतानं ऐकलं होतं. तो इथंच होता, हे तिच्या गावीही नव्हतं. म्हणजे हे रानफूल नव्हतंच; हातचं बक्षीस गेलं याचं तिला फार वाईट वाटलं. गिरजाबाईंना ते दिसलं असावं.

"जंगली लिवून दे. मी कोनाले सांगत नाई."

रंजीता त्या रांगेकडे बघत राहिली. वीस वर्षांत कुणी ओंजळभर पाणी घातलं नव्हतं, रानडुकरांनी किती वेळा उकरलं असेल, तरी रांग मोडली नव्हती. बंगल्यातल्या कुठल्या माळ्याला हे जमलं असतं? बक्षीस गेल्याचं वाईट वाटत होतं, त्याहून जास्त तिला आता या बाईचं कौतुक वाटलं. तिनं अर्ज उघडला आणि बागेच्या चौकटीत खूण केली.

"बाग लिवतो, बाई. तुमच्या नावानं. पत्ता सांगा."

गिरजाबाईंनी विळा खाली ठेवला, पदर डोक्यावर घेतला आणि ताठ उभ्या राहिल्या.

"गिरजाबाई पोचू मडावी. मुक्काम चिचटोला."

"नवा पत्ता नाई टाकाचा?"

"बाग तिथी आहे का?"

रंजीतानं सांगितलं तसंच लिहिलं. रेंज जेमतेम होती, अर्ज बराच वेळ फिरत राहिला. तोवर गिरजाबाई तशाच उभ्या होत्या. गेला, असं तिनं सांगितल्यावरच त्यांनी विळा उचलला.

"आता चंद्रपूरले माईत पडन," त्या म्हणाल्या, "चिचटोला अजून फुलून राह्यला म्हनून."