चार तोंडांचा टूलपोस्ट

वैशाखरे गावात सकुबाईच्या तोंडाला कोणी लागत नसे. उलट उत्तर न देता आपलंच खरं करणारं माणूस एकच होतं, तिची सून सरिता. कसाऱ्याची ही पोर आयटीआयमधून टर्नर होऊन आली आणि तिनं पडवीत लोखंड कातायचा जुना लेथ बसवला. "सून आणली का लोहार आणला?" असं सकुबाई गावभर विचारी. पण तेच दुसऱ्या कोणी विचारलं, तर त्याच्या सात पिढ्यांची उजळणी करी.

लेथ आला तो टूलपोस्टावाचून. टूल घट्ट धरणारा ठोकळाच नसेल तर लोखंड कापणार काय, दातांनी? सकुबाईच्या लेकानं, महिपतनं, कल्याणच्या दुकानातून दोन आणले. पसंत पडेल तो ठेवायचा, नको तो दसरा झाला की परत. एक चौकोनी, चारी बाजूंना चार टूलं धरणारा. दुसऱ्याला एकेका टूलाचा वेगळा होल्डर, वरून सरकवून अडकवायचा.

"चार तोंडांचाच ठेव गो," सकुबाई म्हणाली. "माझ्या एका तोंडावर घर चाललं. चार असती तर तालुका चालवला असता."

"जाड कामाला तोच बरा, आत्या. बघते लावून."

गावच्या भातगिरणीवाल्या धाऊनं पहिलं मोठं काम दिलं होतं, गिरणीचा नवा शाफ्ट. हळवं भात कापणीला आलेलं. दसऱ्याच्या संध्याकाळी शाफ्ट मिळाला नाही तर काम कल्याणला जाणार, आणि मग या पडवीकडे पुन्हा कोण वळणार? टूलाचं टोक शाफ्टच्या बरोब्बर मध्यावर यावं लागतं. म्हणून सरितानं चारी टूलांखाली करवतीच्या पात्याचे, पत्र्याचे तुकडे सारून उंची जमवली. शाफ्ट अर्धा झाला.

आली खंडेनवमी. सरिता धुणं घेऊन नदीवर गेली होती. सकुबाईनं कोयते, विळे घासले आणि लेथकडे मोर्चा वळवला. पाना लावून टूलं सोडवली, तर खाली गंजके पत्रे!

"देवापुढं हा कचरा?"

तिनं टूलं राखेनं लख्ख केली, पाटावर झेंडूत मांडली आणि पत्रे सगळे एका वाटीत कोंबले.

सरिता आली नि वाटीकडे बघतच राहिली. कोणता तुकडा कोणाखालचा, आता देवालाच ठाऊक. त्यात पाटावर मांडलेलं हत्यार दसऱ्याची आरती होईस्तोवर उचलायचं नाही, हा या घरचा नेम.

"गप का? बोल की!"

"छान चकाकली, आत्या."

शिवी दिली असती तर सकुबाईला परतफेड करता आली असती.

दसऱ्याला आरती झाली तशी सरितानं चौकोनी ठोकळा उतरवला आणि दुसरा चढवला. टूल होल्डरमध्ये आवळलं, वरचा नट बोटानं फिरवत गेली. टोक हळूहळू उतरून मध्यावर आलं. मग नट जाम केला. होल्डर उपसला, परत सारला. टोक जिथल्या तिथं.

"आणि पत्रे?"

"याला लागत नाय. काढा, घासा, पुजा. परत बसवला की उंची तीच. फक्त या नटाला हात नाय लावायचा."

"मी कशाला लावतेय? मला कळत नाय का?"

लेथ सुरू झाला. लोखंडाचा कीस कुरडईसारखा वेटोळी घेत सुटू लागला. सकुबाई उंबऱ्यावर टेकली ती उठलीच नाही. असा हात तिनं एकट्या आपल्या आईचा पाहिला होता, भाताच्या शेतात विळा चालवताना. घाई नाही आणि थांबणंही नाही.

संध्याकाळी धाऊ आपट्याची पानं घेऊन दारात.

"काय गो काकी, मशीनचं हळदीकुंकू झालं का? का जाऊ कल्याणला?"

"जा की. जाताना हा घेऊन जा, दाखव त्यांना काम कसं असतं ते." तिनं शाफ्ट पुढं ठेवला.

धाऊनं खिशातलं बेरिंग चढवून बघितलं. गच्च बसलं. त्यानं सकुबाईपुढं सोनं धरलं.

"मला मागनं. आधी तिला दे."

सरिता काळे हात लुगड्याला पुसू लागली, तर सकुबाई खेकसली, "पुसू नको गो! तसाच घे."

मग महिपतकडे वळली. "तो चार तोंडांचा उद्या परत दे रे. या घरात माझं एक बास हाय."