मुख्याध्यापकांच्या खोलीतली नदी

बाईंनी फळ्यावर डोंगरापासून समुद्रापर्यंत नदी काढली आणि तिला छान वळणं दिली. पुढच्या बाकावरच्या टकळीने हात वर केला. या मुलीचं तोंड झोपेतसुद्धा बंद नसतं, असं तिची आईच सांगायची.

"बाई, नदी सरळ का जात नाही? लवकर पोहोचेल की."

बाई नव्या होत्या. "पुस्तकात तसंच दिलंय" हे उत्तर त्यांच्या जिभेवर आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं. "चला, तिलाच विचारू," म्हणाल्या आणि अख्खी चौथी घेऊन मैदानात गेल्या.

कुंपणाच्या भिंतीसाठी आणलेला वाळूचा ढीग तिथे, मुख्याध्यापकांच्या खोलीसमोर, पडला होता. मुलांनी थापून थापून त्याचा डोंगर केला. बाईंनी माळ्याची झारी उचलून माथ्यावर धार धरली. पाणी खाली निघालं, विटेच्या तुकड्याला अडलं, वळसा घालून पुढे गेलं, पुन्हा एका दगडाला अडलं. पायथ्याशी वाळू पंख्यासारखी पसरली.

"वाट अडली की वळते," टकळी म्हणाली. "आमच्या आजोबांसारखी. समोरून उधारी मागणारे काका आले की गल्ली बदलतात."

बाईंना हसू आवरेना. तोवर कोणीतरी बागेच्या नळाची रबरी नळी आणून ढिगावर ठेवली होती आणि दुसऱ्या कोणीतरी नळ पुरता सोडला होता. कोणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. सगळ्यांचे चेहरे सारखेच साळसूद होते. डोंगराचा कडा ढासळला आणि लोंढा थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरला.

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मुख्याध्यापक दारात आले. बूट चिंब झाले होते. बाईंनी झारी पाठीमागे लपवली. नोकरी लागून पुरता महिनाही झाला नव्हता.

"सर, पूर आलाय," टकळीने माहिती दिली. "आणि तुम्ही त्रिभुज प्रदेशात उभे आहात."

"नळ बंद करा," मुख्याध्यापक म्हणाले. मग पाण्याकडे पाहतच राहिले. "ही कल्पना कोणाची?"

चौथीतली एकूण एक बोटं बाईंकडे वळली.

"बाई, मी दोन वर्षं गवंड्याच्या मागे लागलोय, फरशीचा उतार आतल्या बाजूला आहे म्हणून. तो म्हणतो, साहेब, तुमच्या मनाचा खेळ आहे." त्यांनी भिंतीवर काम करणाऱ्या गवंड्याला हाक मारली. तो आल्यावर बाईंकडे वळून म्हणाले, "पुन्हा सोडा नळ."

या वेळी मुलं रांगेत, अगदी शहाण्यासारखी उभी राहिली. पाणी पुन्हा आत गेलं. गवंडी डोकं खाजवत म्हणाला, "उतार चुकलाय खरा. उद्या उखडतो."

"पण आजचं पाणी कोण काढणार?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

मग चौथीला फडकी मिळाली. बाईंनीही पदर खोचला. मुख्याध्यापक पाय वर घेऊन खुर्चीत बसले आणि कुठे राहिलंय ते बोटाने दाखवू लागले.

"सर, कपाटाखाली सरोवर झालंय," टकळी जमिनीवर आडवी होऊन म्हणाली.

"सरोवर कसलं, तळं म्हण."

"दोन्हींत फरक काय, सर?"

मुख्याध्यापकांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी फडकं पिळायला घेतलं आणि ते बराच वेळ पिळत राहिल्या.