पोटात राहिलेले कागद

मित्रांनो, मी एक जुने झेरॉक्स मशीन आहे. कंपनी कुठलीही असो, आमच्या साऱ्या भावंडांना लोक याच नावाने ओळखतात. सध्या मी न्यायालयाच्या एका खोलीत अंगावर लाखेचे सील मिरवत उभा आहे. उद्या सकाळी अकरा वाजता माझ्यात साठलेले सगळे पुसून टाकणार आहेत, म्हणून जे सांगायचे ते आजच सांगतो. मी चिडलेला आहे, तेव्हा मध्येच आवाज चढला तर सांभाळून घ्या.

कारखान्यातून खोक्यात बसून मी एका सरकारी कचेरीसमोरच्या दुकानात आलो. दुकान इतके अरुंद, की माझे झाकण उघडले की मालकांना भिंतीला चिकटून उभे राहावे लागे. मालकांना सगळे काका म्हणत. ते रोज सकाळी आधी माझी काच पुसत आणि मग स्वतःचा चष्मा. त्याच फडक्याने.

माझ्या काचेवर काय काय आले म्हणून सांगू! जन्माचे दाखले, भाडेकरार, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, घटस्फोटाचे अर्ज. काही माणसे कागद ठेवताना हळूच मागे वळून बघत. अशा वेळी काका मुद्दाम रस्त्याकडे तोंड करून उभे राहत. "मी फक्त कागद सरळ आहे का तेवढं बघतो हो," असे ते म्हणत, आणि ते खरेही होते.

एकदा एका घाईतल्या साहेबांनी टाचणी न काढताच कागदांचा गठ्ठा काचेवरून ओढला. लांबलचक ओरखडा पडला. तेव्हापासून माझ्या प्रत्येक प्रतीवर उजव्या कडेला वरून खालपर्यंत एक रेघ येऊ लागली, मध्येच जराशी वाकडी. गिऱ्हाइके कुरकुरत. काका म्हणत, "अहो, ती मशीनची सही आहे. तिचे वेगळे पैसे लावत नाही मी!"

आता खरी गोष्ट सांगतो. माझ्या पोटात एक डिस्क होती. काचेवर आलेला प्रत्येक कागद आधी तिच्यावर साठत असे आणि मग छापला जात असे. छापून झाल्यावर तो पुसला जात असेल, असे वाटले ना तुम्हाला? मुळीच नाही. तो तिथेच पडून राही. काकांना हे कोणी सांगितले नव्हते. माझ्याबरोबर जाडजूड माहितीपुस्तक आले होते. त्याच्या शेवटाकडे, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत, ते एकच वाक्य होते. ते तिथे दडवणाऱ्या माणसाला मला एकदा समोर उभे करून विचारायचे आहे, की बाबा रे, सांगायचे होते तर मोठ्याने का नाही सांगितलेस?

अकरा वर्षांनी दुकानात नवे मशीन आले. काकांनी माझी काच शेवटची पुसली आणि मला जुन्या मशीनच्या व्यापाऱ्याकडे धाडले. या व्यापाऱ्याने मला गोदामात नेऊन आधी मागचा पत्रा उघडला. डिस्कवरचे सगळे कागद त्याने उतरवून घेतले आणि एका कंपनीला विकले. कोणाला कामावर ठेवण्याआधी किंवा काढण्याआधी मालकांना त्या माणसाची माहिती पुरवायची, हा त्या कंपनीचा धंदा. अकरा वर्षे लोकांनी विश्वासाने माझ्यासमोर ठेवलेले कागद असे परस्पर बाजारात गेले. मला तोंड नव्हते, नाहीतर मी ओरडून गोदाम डोक्यावर घेतले असते.

पाळणाघरात काम करणाऱ्या एक ताई होत्या. कोणते बाळ पाठीवर थोपटल्यावर झोपते आणि कोणते कान चोळल्यावर, हे त्यांना तोंडपाठ. नऊ वर्षांपूर्वी त्यांना क्षय झाला होता. औषधे पूर्ण घेऊन त्या खडखडीत बऱ्या झाल्या. मग पाळणाघराच्या नोकरीच्या अर्जाला जोडायला दवाखान्याच्या फाइलची एक प्रत त्यांनी माझ्याकडून काढली होती, पण ती कोणी मागितलीच नाही. ती प्रत घरी पेटीत राहिली.

पुढचे मी न्यायालयात ऐकले. एके दिवशी पाळणाघराच्या बाईंनी त्यांना बोलावले आणि त्या कंपनीकडून आलेला कागद समोर ठेवला, त्याच फाइलची प्रत.

"ताई, उद्यापासून येऊ नका. पालकांना कळलं तर काय उत्तर देऊ?"

"बाई, मी बरी होऊन नऊ वर्षं झाली. खाली डॉक्टरांनी लिहिलंय, बघा तरी."

"ते खरं हो, पण..."

त्या 'पण'ने माझ्या अंगाचा तिळपापड होतो, मित्रांनो! नऊ वर्षे पोरे मांडीवर जोजवली, त्याची किंमत एका 'पण'एवढी?

ताई रडल्या नाहीत. तो कागद घेऊन त्या घरी पेटी बघून आल्या आणि तडक काकांकडे गेल्या.

"काका, ही रेघ तुमच्या मशीनची ना?"

काकांनी कागद उजेडात धरला. "माझीच. ही वाकडी चाल मी झोपेतसुद्धा ओळखेन. पण तू तर एकच प्रत काढली होतीस."

"एकच. ती पेटीत आहे, आत्ता बघून आले. मग ही कुठून आली?"

काकांचा चेहरा उतरला. "ताई, मी नाही गं दिली कुणाला."

जो माणूस अकरा वर्षे रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला, त्याच्यावर असे बोलायची पाळी आली. याला जबाबदार मी. म्हणजे मी नव्हे, मला असा बनवून गप्प बसलेले लोक!

काकांच्या ओळखीच्या एक वकीलबाई होत्या. शिकत असताना त्या साऱ्या वह्या माझ्याकडूनच छापून नेत. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "काका, जुनं मशीन कुणाला दिलंत?" तिथून धागा सापडला. त्यांनी कंपनीवर दावा लावला. कोणाची माहिती त्याला न विचारता वापरू नये, असा कायदा होताच. पण त्यात मोबाइल होते, संगणक होते, माझ्यासारख्यांचे नावही नव्हते. ती पळवाट कंपनीच्या वकिलांनी बरोबर हेरली.

"कागद या बाईंनी आपल्या हातानं दुकानात दिला. मग तो खाजगी कसला? आणि जुन्या मशीनमध्ये काही शिल्लक राहत नाही."

न्यायाधीश म्हणाले, "मशीन आणा."

मला गोदामातून आणून भर न्यायालयात उभे केले. डिस्क अजून पोटातच होती. तज्ज्ञाने वायर जोडली. कंपनीचे वकील हसून म्हणाले, "काही असेलच, तर छापा ना यांची दवाखान्याची फाइल. सगळ्यांनाच बघू दे."

खोली माणसांनी गच्च भरली होती. ताईंनी पदराचे टोक मुठीत घट्ट धरले. अन्याय सिद्ध करायचा, तर तोच अन्याय पुन्हा सोसायचा, असा हा पेच होता.

वकीलबाई उठल्या. "त्यांची नाही. माझी छापा. मी कायद्याच्या पहिल्या वर्षाला असताना, परीक्षेच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी, दुकान उघडल्यावरची पहिली प्रत. मला पक्कं आठवतंय. कुणी बघू नये म्हणून मी मुद्दाम पहिली गेले होते."

मी गुरगुरलो आणि कागद बाहेर दिला. वकीलबाईंची गुणपत्रिका होती ती. तीन विषयांत नापास. उजव्या कडेला माझी रेघ. मागच्या बाकांवर खसखस पिकली. वकीलबाईंचे कान लाल झाले, पण आवाज हलला नाही.

"हसा. हा कागद माझा आहे, म्हणून दाखवायचा की नाही ते मी ठरवलं. आत आणखी हजारो कागद आहेत. ते माझे नाहीत, म्हणून मी त्यांना हात लावणार नाही. मग यांनी कुणाला विचारून विकले?"



निकाल ताईंच्या बाजूने लागला. कंपनीला सगळे कागद नष्ट करावे लागले. वकीलबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. नियम बदलावा म्हणून त्या दोन वर्षे कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत होत्या. "एवढ्याशा गोष्टीला नियम कशाला?" असे त्यांना प्रत्येक टेबलावर ऐकावे लागले. शेवटी नियम झाला. मशीन कागद साठवत असेल, तर तसे त्याच्या तोंडावर मोठ्या अक्षरांत लिहायचे आणि विकण्याआधी सगळे पुसायचे. ताई कामावर परत गेल्या. मात्र एक आई अजूनही आपले बाळ त्यांच्या हातात देत नाही. ते कोणत्या नियमाने भरून काढायचे, मला कळत नाही.

निबंधांतून बोलणाऱ्या इतर वस्तू, म्हणजे माझे भाऊबंद, आपली कहाणी संपवताना 'आम्हाला विसरू नका' अशी विनवणी करतात. माझी विनवणी उलटी आहे. आम्हाला विसरायला लावा, मित्रांनो. तुमच्या हातातल्या, घरातल्या, शाळेतल्या प्रत्येक यंत्राला विचारा, की तू माझे काय ठेवून घेतोस आणि कोणाला देतोस? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.

उद्या पुसण्याचे बटण ताई दाबणार आहेत. मग काका मला दुकानात परत नेणार आहेत. पुढे कधी ताई माझ्यासमोर आल्या, तर मी त्यांना ओळखणार नाही. त्या काचेवर कागद ठेवतील, काका रस्त्याकडे तोंड करतील आणि मी प्रत काढून देईन. तिच्यावर रेघ तेवढी येईल. ती माझी स्वतःची आहे.