डिंकाचा लेप

२०१३चा फेब्रुवारी. नांदूरघाटात प्यायचं पाणीसुद्धा टँकरनं येत होतं. तोडून ठेवलेलं उसाचं बेणं लावायला पाणी नव्हतं, ते शेताच्या कडेला वाळत होतं. सुभद्राबाईंचं बेणं तेवढं जिवंत होतं. बाभळीचा डिंक, राख आणि आंबट ताक कालवून त्या कांड्यांची तोंडं लिंपायच्या. महिन्यानंही कांड्यांवरचे कोंबाचे डोळे हिरवे. हे सासूनं शिकवलेलं. त्यांच्या बचत गटातल्या बाया आता हा लेप करून विकायच्या.

त्या महिन्यात सहकारी साखर कारखान्यानं सभा बोलावली. अध्यक्ष भगवानरावांनी व्यासपीठावरून एक चकचकीत पुडी उंच धरली. "आपलं विद्यापीठ आणि एका कंपनीनं मिळून हा लेप शोधलाय. दुष्काळातबी बेणं वाळणार न्हाई!"

टाळ्या पडल्या. पुड्या रांगेतून फिरल्या. सुभद्राबाईंनी पुडी फोडून हुंगली, बोटावर घेऊन चोळली.

"आवो, हा तर माझा लेप हाय!"

लोक हसले. कंपनीचे साहेब समजुतीनं म्हणाले, "बाई, पेटंटचा अर्ज झालाय. ते मिळालं, की दुसऱ्या कुणालाही हा लेप करून विकता येणार नाही."

"म्हंजे आमालाबी?"

"तुम्हालाही."

व्यासपीठावर विद्यापीठाचे राधाकिशन सर बसले होते. दोन उन्हाळे सुभद्राबाईंच्या ओसरीवर बसून, त्यांच्या हातची भाकरी खाऊन, सगळं लिहून नेलेले.

"सर, तुमी तरी सांगा की!"

सरांनी मान खाली घातली.

गावी परतल्यावर शेजारच्या छबुबाईंनी आपल्या घरातली पेटी उपसली. चार वर्षांपूर्वी कारखान्याच्याच मासिकात ही कृती सुभद्राबाईंच्या फोटोसकट छापून आली होती. दोघींनी तो अंक विद्यापीठात नेऊन दिला. पेटंट नव्या शोधालाच मिळतं; आधीच छापलेलं नवं कसं ठरणार? पावसाळ्याआधी अर्ज मागे घेतला गेला.

त्यानंतर एका दुपारी राधाकिशन सर आले. बसले नाहीत.

"मावशी, मी तुमचं नाव लिहिलं होतं. पण अर्जाच्या अंतिम प्रतीत ते नव्हतं."

"तुमाला कवा कळलं?"

"सही करताना."

आजवर सुभद्राबाईंना वाटत होतं, सरांनाही कुणीतरी फसवलं असेल.

"दिसलं व्हतं, तरी सही केली? कावून?"

सर वळून निघून गेले.

पुढच्या वर्षी कृषी महाविद्यालयाच्या दोन मुली वह्या घेऊन आल्या. जमिनीत पेव खणून वाळवी न लागता धान्य कसं साठवतात, ते त्यांना हवं होतं. सुभद्राबाईंना ते चांगलं ठाऊक होतं.

"मला न्हाई बा काही माहीत," त्या म्हणाल्या.

मुली वह्या मिटून गेल्या. जन्मात पहिल्यांदा त्यांनी विचारायला आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं परत पाठवलं होतं.