शब्दावरची सोयरीक

“पुंजाजी, तुमी सांगा. पोराले काही दुखनंबिखनं?”

मुलीच्या वडिलांनी, रंगरावांनी, सुपारीचं तबक बाजूला सारलं आणि बैठकीतली सारी तोंडं पुंजाजीकडे वळली.

पुंजाजी ढोरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर. खरं बोलायची त्याला खोडच होती. बैलबाजारात विकणारे त्याला पाहून वाट बदलत. गिऱ्हाईकानं विचारायचा अवकाश, हा बैलाचं खरं वय सांगून मोकळा. नव्या जिल्हा परिषदेचे साहेब एकदा तपासणीला आले. “डॉक्टर कुठं आहेत?” “झोपले हायत,” पुंजाजी म्हणाला, “उठवू का?” गावाला ते वर्षभर हसायला पुरलं.

शेजारचे भगवानरावही तेव्हा हसले होते. पण पुढे त्यांच्याच मुलीला पाहायला पाहुणे आले, पुरणपोळीची तारीफ करू लागले, तर पुंजाजी म्हणाला, “पोया काकूच्या हातच्या हायत. पोरगी अजून शिकून राह्यली.” सोयरीक मोडली. मुलगी दोन वर्षं घरी राहिली. भगवानराव भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, “तुह्या खऱ्यापायी माही पोरगी बसली, पुंजाजी.”

आज त्यांच्या मुलासाठी, दिनकरसाठी, तेच त्याला रंगरावांकडे, वडनेर भोलजीला घेऊन आले होते. दिनकरला फेफरं येई. दोनदा तर पुंजाजीनंच त्याला कुशीवर वळवून धरलं होतं. भगवानराव आता मान खाली घालून बसले होते.

“काही नाई,” पुंजाजी म्हणाला. “पोरगा खनखनीत हाय.”

“झालं मंग!” रंगराव मांडीवर थाप मारून म्हणाले. “पुंजाजी बोलले, आता पत्रिकाबी कशाले पाह्यची!”

सगळे हसले. पुंजाजीही हसला. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

लग्न झालं. पाचव्या महिन्यात रंगरावांची सिंधू, भगवानरावांची सून, दवाखान्याच्या दारात उभी राहिली.

“भाऊ, भाजल्याचं मलम असते का तुमच्यापाशी?”

“कोन भाजलं?”

“हे. परवा चुलीपुढं शेकत बसले होते. मी पानी आनाले गेली. आली त हात इस्तवात, अन् तोंडाले फेस.” ती पदराचं टोक पिळत राहिली. “मले वाटलं, गेले. काय करा लागते, तेबी मले ठाऊक नाई. तुमालेबी माह्या सासरच्यायनं फसवलंच ना, भाऊ? तुमाले ठाऊक असतं त तुमी सांगतलंच असतं.”

पुंजाजीच्या हातात मलमाचा डबा होता. झाकण काही केल्या निघेना.

“मले ठाऊक होतं,” तो म्हणाला.

सिंधूनं पदराचं टोक सोडलं. बाहेर कुणाचं तरी वासरू हंबरत होतं.

“मी नाई म्हनली असती का हो म्हनली असती, ते जाऊ द्या,” ती म्हणाली. “पन चुलीपुढं बसू देलं नसतं ना जी त्यायले.”

पुंजाजीनं डब्यातलं निम्मं मलम पळसाच्या पानावर काढून दिलं. फेफरं आल्यावर कुशीवर कसं वळवायचं, आजूबाजूचं काय सरकवायचं, तोंडात काही कोंबायचं नाही, सारं सांगितलं. जे बैठकीत सांगायला हवं होतं, ते आता खाली बघून, चाचरत सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं. पायरी उतरताना ती थांबली.

“तुमाले ठाऊक होतं, हे बाबाले सांगू नका. काल ते येऊन पाहून गेले. फसवलं तरी पुंजाजीलेबी फसवलं, असं म्हनून ते सोताची समजूत घालतात. तेवढं राहू द्या त्यायचं.”

आठ दिवसांनी नांदुऱ्याच्या बाजारात रंगराव भेटले. टाळावं तर गर्दीत वाट नव्हती. त्यांनीच येऊन हात धरला.

“तुमी काऊन तोंड लपवून राह्यले, पुंजाजी? तुमचा काय दोष? तुमालेबी ठाऊक नव्हतं ना?”



“नाई,” तो म्हणाला. “मले ठाऊक नव्हतं.”

“चांगल्या मानसालेच लोक फसवतात,” रंगराव म्हणाले. त्याला हाताला धरून त्यांनी हॉटेलात नेलं, स्वतःच्या गमछ्यानं बाकडं पुसलं आणि दोन चहा सांगितले. चहा कढत होता. पुंजाजीनं बशीत न ओतता, न फुंकता, तसाच सगळा पिऊन टाकला.