करंगळीची खाच

धाकट्याने नमुन्याची पांढरी प्लास्टिकची मूठ करवतीने मधोमध कापली आणि दोन्ही अर्धुकं पॅकिंगच्या टेबलावर ठेवली. मग तो जिन्याकडे बघून म्हणाला, "वहिनी, जरा खाली या."

वहिनी खाली आली. टेबलापाशी सासूबाई पिशव्यांना लेबलं चिकटवत होत्या. मशीनवरचे दोघं कामगार हातातलं काम ठेवून बघत होते.

"काही चुकलं का, भाऊजी?"

"तुम्हीच मोजा." त्याने जाडी मोजायचा व्हर्नियर तिच्यापुढे सरकवला. "नाहीतर म्हणाल, मी आकडे बदलतो."

ती कुबडीची मूठ होती. दवाखान्यातल्या व्यायामवाल्या बाईंनी मागितलेली, बोटांत जोर नसलेल्या माणसांसाठी. बाईंनी अकरा पेशंटांच्या हातांत ओली माती दाबून घेतली होती आणि ते अकरा गोळे वहिनीला आणून दिले होते. ते गोळे पुढ्यात ठेवून वहिनीने कॉम्प्युटरवर एक आकार घडवला होता. वर अंगठ्याला टेकायला उंचवटा, खाली चार बोटांना चार खाचा, करंगळीची सगळ्यांत खोल, चार मिलिमीटर. मधून अॅल्युमिनियमची बावीस मिलिमीटरची नळी जायची होती. नळीभोवतीची भिंत कुठेही तीन मिलिमीटरपेक्षा पातळ नको, आणि मूठ कुठेही अडतीसपेक्षा जाड नको, असं बाईंनी लिहूनच दिलं होतं. हा पांढरा नमुना मागच्या आठवड्यात दवाखान्यात पेशंटांनी धरूनही पाहिला होता.

वहिनीने करंगळीच्या खाचेपाशी मोजलं. एक पूर्णांक आठ.

"वाचा की मोठ्याने."

"एक पॉइंट आठ."

"म्हणजे भार पडला की तडकणार," धाकटा कामगारांकडे वळून म्हणाला. "दादा गेल्यापासून आपण वरच्या मजल्यावर शिल्पकला करतो. खाली मी बसलोय निस्तरायला."

कामगारांपैकी एक हसला. सासूबाईंनी मान वर केली नाही.

दादा म्हणजे वहिनीचा नवरा. तो तीन वर्षांपूर्वी गेला. तोवर ती मेडिकल कॉलेजांसाठी मातीची आणि प्लास्टरची मॉडेल करायची: हृदय, कान, गुडघ्याचा सांधा. नवऱ्यामागे त्याच्या खुर्चीवर ती बसली, कॉम्प्युटरवर आकार काढायचं कॅड शिकली, आणि धाकट्याच्या मनातून तेव्हाच उतरली. साचे बनवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे तीही कबूल करायची. पण ती खुर्ची आपल्याला मिळायला हवी होती, असं त्याने नातेवाइकांत दहा जणांना सांगितलं होतं. कारखान्यात त्याला सगळे अजून धाकटाच म्हणत, त्याचंही खापर तो तिच्यावर फोडायचा.

अर्धुकं उचलून ती वर गेली. राग आला होता, पण आकडा खरा होता. तो आला कुठून हे तिला कळेना. स्क्रीनवर तिने प्रत्येक अंतर मोजलं होतं आणि सगळीकडे तीन भरलं होतं.

तिला ते दुसऱ्या दिवशी दुपारी सापडलं. अशा मोकळ्या आकाराभोवती ठिपक्यांची एक जाळी असते. ठिपका ओढला की आकार मातीसारखा ओढला जातो. पण पृष्ठभाग ठिपक्यांना चिकटून बसत नाही, गोलाईत तो त्यांच्या आत राहतो. ठिपके जितके विरळ तितका जास्त आत. नळीभोवतीच्या वळशात तिने आठच ठिपके ठेवले होते, आणि मोजलं होतं ते ठिपक्यांपासून. म्हणजे जो आकार कुणाच्या हातात येणारच नव्हता, त्याची मापं तिने दोन आठवडे घेतली होती.

तिने पुन्हा सुरुवात केली. आधी मधोमध एक साधा, काटेकोर दंडगोल काढला, अठ्ठावीस पॉइंट दोनचा: नळी सहज सरकायला बावीस पॉइंट दोनचं भोक आणि दोन्ही बाजूंना तीन-तीनची भिंत. ही तिची लक्ष्मणरेषा. मातीसारखा भाग याच्या आत कुठेही घुसता कामा नये. बाहेर अडतीसचा दुसरा. दोन्ही टोकांना, एकमेकींपासून एकशेवीस मिलिमीटरवर, सपाट पातळ्या आखल्या आणि टोकांचे ठिपके तिथेच जखडून टाकले. मग मधलं तेवढं घडवायला घेतलं. एक ठिपका हलवला की शेजारचा उंचवटा बसायचा, तो उचलला की खाच उथळ व्हायची. करंगळीची खाच चारच ठेवायची तर तळाची सगळी बाजूच एक पॉइंट दोनने बाहेर घ्यावी लागली. तशी घेतल्यावर मूठ सर्वांत जाड जागी छत्तीसवरून सदतीस पॉइंट दोन झाली. चालणार होतं. शेवटी आकार भरीव करून नळीचं भोक तिने नेमक्या वर्तुळाने कापलं. ते हाताने घडवायची गरजच नव्हती. भिंत सर्वांत पातळ जागी तीन भरली, या वेळी खऱ्या पृष्ठभागापासून.

चौथ्या दिवशी तिने नवी फाईल खाली पाठवली आणि स्वतः जाऊन सांगितलं.

"चूक माझी होती, भाऊजी. मी जाळी मोजली, आकार नाही. आता दुरुस्त केलंय. साचा या फाईलवरून कापा."

"बघतो," मशीनवरची नजर न काढता तो म्हणाला.

पंधरा दिवसांनी साचा तयार झाला. पहिल्या सहा मुठी घेऊन दोघंही दवाखान्यात गेली. एकाच गाडीतून, मुठींची पिशवी दोघांच्या मध्ये ठेवून.

व्यायामाच्या खोलीत दोन समांतर दांड्यांमध्ये एक शिंपीणबाई उभ्या होत्या. अर्धांगवायूच्या झटक्याने त्यांचा उजवा हात अधू झाला होता. त्यांनी कुबडी धरली, एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि हात मुठीवरून पुढे निसटला. मनगट दांडीवर आपटलं. व्यायामवाल्या बाईंनी त्यांना कमरेला धरून सावरलं.

"नुसते चढ-उतार काढले की असं होतं," धाकटा ताबडतोब बोलला. "आकार वहिनींचा आहे. मी फक्त कापलं."

शिंपीणबाई मनगट चोळत होत्या. "मागच्या वेळी आणली होती ती पांढरी मूठ बरी होती," त्या म्हणाल्या. "ती करंगळीला धरत होती. ही धरत नाही."

वहिनीने पर्समधून व्हर्नियर काढला. मूठ सर्वांत जाड जागी मोजली. छत्तीस. तिने पुन्हा मोजलं.

"भाऊजी, माझ्या नव्या फाईलमध्ये इथे सदतीस पॉइंट दोन आहे. ही जुनी मूठ आहे."

"असेल काही फरक."

"सव्वा मिलिमीटरचा? तुमच्या हातून?"

तिने खाचेची खोली मोजली. दोन पॉइंट आठ.

"तुम्ही साचा जुन्याच फाईलवरून कापलात. मग भिंत पातळ पडते म्हणून साच्यातला करंगळीचा उंचवटा कानशीने घासून उतरवलात. भिंत तीनची झाली, आणि खाच गेली."

"तीन हवी होती ना तुम्हाला? दिली. तुमची ती चित्रं उघडत बसायला मला वेळ नाही."

"म्हणजे फाईल उघडलीच नाहीत."

"नाही उघडली," तो म्हणाला. बाईंसमोर, शिंपीणबाईंसमोर, अगदी थंडपणे. "ज्या बाईला भिंत मोजता येत नाही तिच्या दुसऱ्या फाईलवर मी माझं स्टील का फुकट घालवू?"

"माझी चूक मी चार माणसांत ऐकून घेतली," वहिनी म्हणाली. "तुमच्या चुकीने यांचं मनगट सुजलंय. त्यांना काय सांगता?"

धाकट्याने शिंपीणबाईंकडे पाहिलं. मुठींची पिशवी उचलून तो बाहेर पडला.

त्या संध्याकाळी घरी सासूबाई वहिनीलाच म्हणाल्या, "बाहेरच्यांसमोर त्याला खाली पाहायला लावलंस."

"त्यांनी मला घरच्यांसमोर लावलं होतं. तेव्हा तुम्ही लेबलं चिकटवत होतात."

सासूबाई उठून आत गेल्या.

धाकट्याने साचा पुन्हा कापायला साफ नकार दिला. वहिनी म्हणाली, ठीक आहे, मी बाहेरून कापून घेते, आणि दुसऱ्या एका साचेवाल्याला त्याच्यादेखत फोन लावला. आपल्या कारखान्याचा साचा परक्याच्या मशीनवर, हे त्याला सोसलं नसतं हे तिला ठाऊक होतं. पलीकडून कुणी फोन उचलायच्या आत त्याने हात पुढे केला. "फाईल द्या."

नवा साचा आला तेव्हा सोबत एक कागद होता. चौदा मापं, त्याच्या अक्षरात, एकही दोन शतांशांपलीकडे चुकलेलं नाही. खाली लिहिलं होतं, 'आता तक्रार चालणार नाही.' इतकं अचूक काम तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि त्या माणसाचं तोंड बघायची तिची इच्छा नव्हती. दोन्ही गोष्टी एकदमच तिच्या मनात आल्या.

शिंपीणबाई ती मूठ धरून खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

मुठीचं नाव झालं. काही महिन्यांनी मामेसासऱ्यांच्या घरी सगळे जेवायला जमले असताना कुणीतरी विषय काढला. धाकटा म्हणाला, "दादाचंच डोकं ते. त्याने आकार करून ठेवला होता, आम्ही फक्त पुढे नेला."

सासूबाईंनी डोळे पुसले. सगळे हळहळले. वहिनीने हातातली पळी खाली ठेवली.

"ते गेले तेव्हा ही मूठ नव्हती," ती म्हणाली. "त्यांनी ती कधी पाहिली नाही. आकार मी केला आणि साचा भाऊजींनी कापला."

धाकटा ताटावरून उठला. वहिनी बसली आणि जेवली.