गाढवावरचा सोयरा

तानी चिडली की तिच्या पाड्यावरच्या कोंबड्या अंडी द्यायच्या थांबतात, असं उधव्याच्या बाजारात सांगतात. सांगणारे वाढवून सांगतात. कोंबड्या अंडी देतात, फक्त उभ्याउभ्या देतात, पळायची वेळ आली तर सोपं जावं म्हणून.

त्या दिवशी मात्र कोंबड्यांनी सरळ सीमा ओलांडून गुजरात गाठला असता तरी कुणी त्यांना बोल लावला नसता. तानीच्या सख्ख्या भावाच्या, जिव्याच्या, मुलीचं, संगिताचं, लग्न होतं. आणि पाड्याचा कारभारी काकड्या मांडवाच्या दारात हात आडवा धरून उभा होता.

"तानीबाय, पाहुणी म्हणून ये. पोटभर जेव. धवलेरी म्हणून आत यायचं नाही."

वारल्यांचं लग्न भटजी लावत नाही, धवलेरी लावते. घरातल्या गेरूच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने देवचौक लिहितात, आणि त्या लिहीत असताना धवलेरी गाऊन एकेका देवाला लग्नाला बोलावते. ती हाक मारेल तो देव येतो, आणि आला की सवाशीण त्याला भिंतीवर जागा देते. देव आले नाहीत तर लग्न लागत नाही, मग पंगती कितीही उठोत. तानीचा आवाज असा की ती उधव्याला गायला बसली की चारोटीच्या नाक्यावर ट्रकवाले पंक्चर झालं समजून खाली उतरायचे.

हाच आवाज दोन वर्षांपूर्वी बसला. भगताने तीन कोंबडे कापले, घसा तसाच. दवाखान्यातल्या गोळ्या संपल्या, घसा तसाच. मग शेजारच्या पाड्यावरचा प्रविण, जो पत्र्याच्या शेडमध्ये दर रविवारी प्रार्थना घेतो, तो येऊन तिच्या डोक्यावर हात ठेवून गेला, आणि चौथ्या दिवशी तानीने शेळीला अशी हाक मारली की शेळी आडवी झाली. गोळ्यांनी झालं की प्रार्थनेने, ते त्या घशालाच ठाऊक. तानी रविवारी शेडमध्ये जाऊ लागली. जाण्याआधी तिने प्रविणला एकच विचारलं होतं, "यात धर्म बदलावा लागतो का रे?" तो हसून म्हणाला होता, "मावशी, हा धर्मच नाही. हे येशूशी नातं आहे."

तानीला ते पटलं. नाती जोडण्यात तिची हयात गेली होती. नवा सोयरा जोडला म्हणून जुने भाऊबंद कुणी घराबाहेर काढत नाही, उलट पंगतीत एक पान वाढतं. त्यामुळे ती रविवारी टाळ्या वाजवून प्रविणची गाणी म्हणायची आणि लग्नसराईत देवांना बोलवायची, आणि यात काही गैर आहे असं तिला स्वप्नातही वाटलं नाही.

"काकड्या, हात खाली कर," ती म्हणाली.

"तू धर्म बदललास."

"धर्म नाहीच तो."

"मग काय आहे? भजनी मंडळ?"

बाजेवर बसलेले बापे हसले. तानीच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. जेवायला आलेला प्रविण मोटारसायकल उभी करत होता. तिने तिथूनच त्याला हाक मारली आणि त्याने हेल्मेट पुन्हा डोक्यावर घातलं.

"इकडे ये. माझ्या ओटीवर बसून काय म्हणालास तू? या सगळ्यांसमोर बोल."

"मावशी, लग्नघर आहे, आपण रविवारी..."

"आत्ता!"

प्रविणने हेल्मेट काढलं. "हेच की, हा धर्म नाही. धर्म म्हणजे माणसांनी केलेले नियम. आपलं येशूशी जिवंत नातं आहे."

"ऐकलंस, काकड्या? आता हो बाजूला."

काकड्या हलला नाही. पण त्याचे डोळे बारीक झाले. "प्रविणशेठ, एक सांगा. हिने आत जाऊन चौकातल्या पालघट देवीला हाक मारली, तर चालेल तुमच्या त्या नात्यात?"

प्रविणने मांडवाच्या खांबाकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे. "मावशी, खरं म्हणजे हे मी तुम्हाला सांगणारच होतो. चौक, कोंबडं, ताडी, हे सोडावं लागेल. दोन्हीकडे पाय नाही ठेवता येत."

"का नाही?"

"तसा नियम आहे."

"नियम!" काकड्याने मांडीवर थाप मारली. "धर्मच की मग! मी काय बोंबलत होतो?"

"धर्म नाही, पण..."

"बरं, नसू दे. हिने गायचं नाही, यात तर तुमचं माझं एकमत आहे ना?"

"तसं बघितलं तर..." प्रविण म्हणाला, "आहे."

ही दोन माणसं दोन वर्षं एकमेकांना पाड्याच्या वाटेवर बाजू देत नव्हती. समोरासमोर आली तर दोघांची वाहनं दुपारपर्यंत उभी राहायची, मध्ये गवत उगवायचं. आज काकड्याने स्वतःच्या हाताने खुर्ची पुसली आणि प्रविणला बसवलं. प्रविणने ताडी नको म्हटली, तर त्याच्यासाठी काळा चहा आला.

तानी उन्हात उभी राहून त्यांना चहा पिताना बघत होती. एक म्हणतो धर्म आहे, म्हणून बाहेर हो. दुसरा म्हणतो धर्म नाही, म्हणून बाहेर राहा. आणि घसा कुणाचा? आपल्या मावशीने लहानपणी शेतात लावणी करता करता जी गाणी तोंडात घातली, त्यातली एक ओळ तरी या दोघांच्या बापांना गुणगुणता येते का? तिला वाटलं, मांडवाचा खांब उपटावा आणि दोघांच्या चहात घालून ढवळावा.

"मग गाणार कोण?" जिव्याने घाबरत विचारलं. टापूत दुसरी धवलेरी नव्हती.

"सोय केलीय," काकड्या म्हणाला आणि खिशातून मोबाइल काढला. "हिचंच गाणं भरून ठेवलंय. शेडमध्ये जायला लागण्याच्या आधीचं. चोख."

डीजेच्या खोक्याला मोबाइल लागला आणि तानीला मांडवाबाहेर उभं राहून आपलाच आवाज आतून ऐकू आला. गळा पाहिजे, बाई नको! दूध काढून घेतलं आणि गाय हाकलली!

आत सवाशिणींनी काड्या पिठात बुडवल्या. सगळ्यांत वडील सवाशीण रूपी पहिली रेघ ओढणार, तेवढ्यात खोक्यातल्या तानीने खणखणीत आवाजात देवांना सांगितलं, "काळीच्या लग्नाला या, हो, काळीच्या लग्नाला या."

धवलेरी प्रत्येक लग्नात नवरीचं नाव गाण्यात घालते. ही गोष्ट पाड्यातल्या शेळ्यांनाही ठाऊक होती, फक्त काकड्या लग्नात नेहमी ताडीच्या माठाजवळ बसायचा. ज्या काळीच्या लग्नात ते गाणं भरलं होतं, ती तिथेच बसली होती. मांडीवर एक पोर, पाठीला एक, आणि शेजारी घास तोंडात अडकलेला नवरा.

"अगं, मला पुन्हा कुणाला देताय?" काळी ओरडली.

बाया हसता हसता भिंतीला टेकल्या. मग हसू विरलं, कारण संगिता उठली होती. अंगभर हळद, डोळे लाल. ती सरळ दारात आली.

"मी काळी नाही," ती म्हणाली. "आत्या गाणार नसेल तर मला हे लग्न नको. त्या खोक्यालाच हळद लावा."

रूपीने काडी खाली ठेवली. तिच्यामागे बाकीच्या सवाशिणींनीही ठेवल्या. पिठाचं पाणी वाटीत तसंच राहिलं.

"बाय," जिव्या म्हणाला, "आत ये."

काकड्याने हात आडवा धरला नाही. पण तोंड उघडलं. तानीने त्याला बोलूच दिलं नाही.

"गप! तू नको बोलूस, आणि तूही नको. धर्म आहे की नाही ते तुम्ही दोघं चहावर ठरवा, पाहिजे तर वरून बिस्किटं घ्या. मी मात्र माझ्या सोयऱ्यांना हाक मारणार. सगळ्यांना!"

ती आत गेली, मातीत बसली आणि गायला लागली. तसं गाणं कुणी ऐकलं नव्हतं. देवांना बोलावते आहे की दरडावते आहे, कळेना. हिरवा देवाला म्हणाली, मोरपिसं घेऊन ये आणि वेळेवर ये. नारनदेवाला म्हणाली, तू ये, पाऊस घरी ठेव. पालघट देवीला म्हणाली, तू मध्ये बस, तुला कोण उठवतो ते मी बघते. नाव घ्यावं आणि रूपीच्या काडीने ते भिंतीवर उतरावं. संगिता डोकं खाली घालून बसली होती, खांदे सैल पडलेले.

मग तानीने श्वास घेतला आणि त्याच चालीत, त्याच रागात म्हणाली:

"येशूबाबा, तूही ये, घसा दिलास तर ऐकायला ये,
संगीच्या लग्नाला, सोयऱ्या, तूही ये."

दारात दोन खुर्च्या एकदम सरकल्या.

"मावशी, हे चालणार नाही!" प्रविण म्हणाला.

"तानीबाय, हे चालणार नाही!" काकड्या म्हणाला.

दोघांनी चमकून एकमेकांकडे पाहिलं. तानीने दोघांकडेही पाहिलं नाही. राग अजून तिच्या मानेच्या शिरेत टरारलेला होता आणि गाणं तोडायचं नसतं.

रूपीची काडी हवेत थांबली होती. गावाने काय म्हणावं, याची तिला फिकीर दिसली नाही. तिची अडचण वेगळी होती.

"अगं, हिरव्याला मोर आहे, पाचशिऱ्या देवाला घोडा आहे," ती कुजबुजली. "हा कशावर येतो?"

येशू शहरात कसा आला ती गोष्ट तानीने शेडमध्ये ऐकलेली होती. गाण्यातच तिने उत्तर दिलं, "गाढवावर ये, सोयऱ्या, गाढवावर ये."

रूपीने काडी पिठात बुडवली, भिंतीचा मोकळा कोपरा निवडला, आणि आधी दोन लांब कान काढले.